झांबियात तीन महिने मंडळीतल्या बायकांना शिकवायला बोलावलंय. काय घेऊन जाऊ?

पेठरोडकर

सर्वांना नमस्कार. मी नाशिकची, पेठ रोडला राहते. एकवीस वर्षं पेठ आणि हरसूल पट्ट्यात बचत गटांचं काम करते आहे. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ओळखीतून झांबियाच्या ईस्टर्न प्रॉव्हिन्समधल्या एका ख्रिस्ती प्रशिक्षण केंद्राचं बोलावणं आलंय. चिपाटा नावाच्या शहरापासून गाडीने तासभर आत. आसपासच्या मंडळ्यांमधले वडीलजन (मंडळीची कामं बघणारे ज्येष्ठ) आणि महिला संघाच्या पुढारी बायका तिथे येतात, त्यांना ‘नेतृत्व आणि गावविकास’ शिकवायचं. तिकीट ते काढणार, राहणं-जेवण केंद्रावरच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या म्हणतात, म्हणजे नाताळ तिकडेच.

अडचण अशी की त्यांनी बारा सत्रांचा अभ्यासक्रम मागितलाय, स्लाइडसकट. मी जन्मात एक स्लाइड केलेली नाही. माझी पद्धत म्हणजे कोणाच्या तरी ओट्यावर बसायचं, गटाचं रजिस्टर उघडायचं, मागच्या महिन्यात कोणी हप्ता चुकवला ते वाचायचं आणि मग जे भांडण निघेल ते ऐकायचं. इंग्रजी वाचता येतं, बोलताना मात्र अडखळते. मुलगा म्हणतो, आई, तू तिकडे जाऊन काय शिकवणार, सगळं यूट्यूबवर आहे. मिस्टर म्हणतात जा, पण आधी कोणीतरी राहून आलेलं शोध.

म्हणून विचारते. कोणी त्या भागात राहिलंय का? तिकडचे गट कसे चालतात? मी इथलं काय न्यावं आणि काय इथेच ठेवून जावं?

सातपूर १९

ताई, राग मानू नका. पेठ-सुरगाण्यात अजून बाया एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. ते संपलं का, की आफ्रिकेत निघालात? दुसरं, ‘नेतृत्व प्रशिक्षण’ हे गोड नाव, शेवटी धर्मप्रसारच ना? मोकळेपणाने विचारतोय.

हापसेवाला

ताई, सलाम. सर्वात आधी डिसेंबर रद्द करा, बाकीचं मग बोलू.

तिकडे पाऊस नोव्हेंबरात लागतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. डिसेंबर म्हणजे तिकडचा आषाढ. मका पेरलेला असतो, खुरपणी चालू असते, अख्खं घर पहाटेपासून शेतात. जानेवारी ते मार्च तर फार वाईट, कारण जुना मका संपलेला आणि नवा अजून कणसातच. त्या दिवसांत बाईला चार दिवस केंद्रावर बसवणं म्हणजे हरसूलच्या बाईला भातलावणीत ग्रामसभेला बोलावणं. मंडळीने बोलावलंय म्हणून ती येईल, पण डोळे दाराकडे असतील. कापणी मे-जूनपर्यंत उरकते आणि तिथून ऑक्टोबरपर्यंत माणसं मोकळी असतात. त्यांना सरळ लिहा की मी जूनमध्ये येते. केंद्रातल्या लोकांना हे कळत नाही असं नाही. पण पैसे देणाऱ्यांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि खर्च दाखवायचा असतो. आपल्याकडे मार्च एंडला रस्ते होतात तसंच.

आणि जूनला जाल तेव्हा स्वेटर न्या. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून मी हाफ शर्ट घेऊन गेलो होतो. पहिला आठवडा केंद्राच्या वॉचमनचा कोट घालून काढला.

आता मी कोण ते सांगतो. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात २८ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर २०१४ साली आमच्या मंडळीमार्फतच त्या भागात गेलो आणि दोन वर्षं राहिलो. हापसेवाल्याला कशाला बोलावतील? तर तिकडे गावोगाव जो हापसा आहे तो आपलाच, इंडिया मार्क टू. पुस्तकी माहिती नाही ही, पथकात आम्हाला शिकवलेलं आहे: आधी जालन्याच्या मिशनवाल्यांनी आणि मग सोलापुरातल्या एका स्वीडिश मिशनऱ्याने लोखंडी हापशाचं डोकं बनवलं, आणि त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हा पंप ठरला. चिपाटाच्या पलीकडे पहिल्या दिवशी तो दांडा आणि ती चेन बघितली तेव्हा हरसूलला उतरल्यासारखं वाटलं. खडखडाटसुद्धा तोच.

पहिले चार महिने मी काय केलं? चौदा हापसे स्वतःच्या हाताने सुरू केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्क टूमध्ये खालच्या सिलिंडरचं रबरी वायसर अगदी किरकोळ वस्तू, पण ते बदलायचं तर वरपासून खालपर्यंत सगळे पाइप आणि रॉड काढावे लागतात. दहा-दहा फुटांचा एक पाइप, असे बारा-पंधरा. तिपाई, साखळी आणि सहा दणकट माणसं लागतात. त्यात तिकडे बऱ्याच ठिकाणी पाणी आंबूस, जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप आतून खातं. पाइप वर आला की आटे गेलेले, हाताला गंजाचा चिखल, आणि बादलीत पहिलं पाणी चहासारखं लाल. मी घाम गाळायचो, बायका गाणं म्हणायच्या, पाणी आलं की कोंबडी कापायचे. रविवारी उपासनेत माझं नाव घेऊन प्रार्थना व्हायची. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पावसाळ्यानंतर परत फेरी मारली तर चौदातले नऊ बंद.

एका गावातलं सांगतो. हापशाची चेन दांड्याला धरून ठेवणारा बोल्ट ढिला होऊन निसटलेला. दोन पान्यांचं, दहा मिनिटांचं काम. पाच आठवडे हापसा बंद आणि बायका ओढ्याच्या वाळूत खड्डा करून वाटीने पाणी भरताहेत. विचारलं, पान्यांची पेटी दिली होती ती कुठे? तर ती समितीच्या अध्यक्षांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, कुलूप लावून. अध्यक्ष मंडळीतले वडीलजन, माणूस प्रामाणिक. पेटी चोरीला जाऊ नये म्हणूनच कुलूप. आणि ते गेले होते लुसाकाला मुलाकडे. किल्ली खिशात. लुसाका तिथून पावणेसहाशे किलोमीटर. मी म्हटलं, मग शेजारच्या गावातून पाना का नाही आणला? एक म्हातारी शांतपणे म्हणाली, ‘अम्वेन्ये येणार होते ना.’ अम्वेन्ये म्हणजे आपण, भारतीय. तिकडे सगळ्या भारतीयांना तेच म्हणतात, कारण चिपाट्यात गुजराती दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

रात्री झोप नाही आली. चौदा हापसे दुरुस्त करून मी चौदा गावांना एकच गोष्ट शिकवली होती. वाट बघायला.

त्यानंतर मी पान्याला हात लावला नाही. नियमच केला. महिला संघातल्या दोन बायका आणि एक शाळा सुटलेला पोरगा, अशी तिघांची जोडी प्रत्येक ठिकाणी. तिकडे महिला संघाला चिग्विरिझानो म्हणतात, अर्थ एकी. मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. एकदा एकीच्या हातून पाइपची पकड सुटली आणि चार पाइप रॉडसकट बोअरमध्ये गेले. काळजाचं पाणी झालं माझं. काढायला सकाळपासून संध्याकाळचे पाच वाजले, आकडा त्यांनीच लोहाराकडून वाकवून आणला. त्या बाईने पुढे कधी पाइप सोडला नाही, आणि पुढच्या वर्षी ती पाच गावांचे हापसे बघत होती. सरकारी भाषेत अशा माणसाला ‘एरिया पंप मेंडर’ म्हणतात आणि गावाने त्याला मजुरी द्यायची असते. ती मजुरी ठरवताना ती अध्यक्षांशी जे भांडली, त्याला मी नेतृत्व म्हणतो. तुमच्या बारा सत्रांत ते कुठे बसतं बघा.

जेवण झाल्यावर पुढचं लिहितो.

हापसेवाला

हं, पुढे.

तिकडची मंडळी कशी चालते हे आधी समजून घ्या, नाहीतर तुम्ही कोणाला शिकवताय तेच कळणार नाही. एका पाळकाकडे दहा-पंधरा प्रार्थनाघरं असतात. मोटरसायकल असली तर बरं, नाहीतर सायकल. म्हणजे एखाद्या गावाला पाळकाचं तोंड महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दिसतं. बाकीच्या रविवारी उपदेश कोण करतं? वडीलजन. आजारी माणसाकडे कोण जातं, मयताला कोण उभं राहतं, नवरा-बायकोचं भांडण कोण मिटवतं? तेच वडीलजन आणि महिला संघाच्या बायका. सगळे मका आणि भुईमूग करणारे शेतकरी. म्हणून सेमिनरीत तीन-चार वर्षं पाठवायचं प्रशिक्षण या लोकांच्या उपयोगाचं नाही. त्यांच्यासाठी टीईई (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन, म्हणजे घरी राहून धर्मशिक्षण) नावाची पद्धत आहे: पुस्तक घरी न्यायचं, कंदिलाखाली धडा वाचायचा, प्रश्न सोडवायचे आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं. ही पद्धत १९६३ मध्ये ग्वाटेमालात निघाली, कारण तिथेही सेमिनरी शहरात आणि मंडळ्या डोंगरात. झांबियात ती चांगली रुजली. शिकणारा शेत सोडत नाही, हे त्यातलं सर्वात मोठं.

तुमचा ओटा आणि रजिस्टर म्हणजे हेच. स्लाइड विसरा. वीज गावात नाहीच, आणि केंद्रावर असली तरी भरवसा नाही. त्यांची बहुतेक वीज धरणांवरची, त्यामुळे २०२४ च्या दुष्काळात लुसाकासारख्या शहरातही दिवसाचे बरेच तास अंधार होता. फळ्यावर लिहा. त्याहून बरं, त्यांनाच लिहायला लावा.

इंग्रजीची काळजी नको. राजभाषा इंग्रजी असली तरी तुमच्या बायका चिन्यांजा बोलणार, दुभाषी लागणारच. दुभाषी मात्र केंद्राचा बाबू नको. एखादी शिक्षिका बघा, नाहीतर तो तुमचं एक वाक्य घेऊन स्वतःचा उपदेश करतो. माझं झालंय तसं. मी ‘चेनला ग्रीस लावा’ म्हणालो आणि भाषांतर पाच मिनिटं चाललं, त्यात दोनदा योहानाचं शुभवर्तमान आलं.

काही गोष्टी पटापट. गावात पाऊल टाकण्याआधी गावच्या मुखियाला, हेडमनला भेटायचं, मंडळीने बोलावलं असलं तरी. जमीन बहुतेक परंपरेची, ती प्रमुखांच्या हातात. भेटल्यावर ‘मुली ब्वांजी’, कसे आहात. वस्तू घेताना दोन्ही हात. बायका वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकून टाळी वाजवतात, तुम्ही नाही केलंत तरी चालेल, पण थोडं वाकलात तर गाव तुमचं. मयत झालं की प्रशिक्षण बंद, दोन दिवस, कधी तीन. चिडू नका, तुम्हीही जा, मयताच्या घरी जमिनीवर बसा. मला जितकं कळलं त्यातलं निम्मं तिथे बसून कळलं. नशिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून भाजीबरोबर खायची. नागलीवर वाढलेल्या माणसाला जड नाही. कपेन्टा नावाची सुकी मासळी मिळते, आपली सुकटच. मलेरियाच्या गोळ्यांत हयगय करू नका.

आणि भत्ता. ही मोठी गोची आहे. वर्षानुवर्षं बाहेरच्या संस्थांनी प्रशिक्षणाला बसण्याचेसुद्धा पैसे दिलेत. त्यामुळे पहिला प्रश्न येतो, बसायचे किती? मी एका संस्थेच्या गाडीतून गेलो त्या दिवशी साठ माणसं होती, पुढच्या आठवड्यात सायकलवर गेलो तर नऊ. त्या नवांबरोबरच काम झालं. रागावू नका त्यांच्यावर, आपल्याकडेही वडापाव आणि प्रवासखर्च असल्याशिवाय सरपंचांचं शिबिर भरत नाही.

सातपूरकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. झांबियात धर्मप्रसार करायला नाशिकहून कोणी जायची गरज नाही, तो देश आधीच ख्रिस्ती आहे. १९९१ च्या डिसेंबरात त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, चिलुबांनी, तसं जाहीरच केलं आणि १९९६ ला ते राज्यघटनेच्या प्रास्ताविकात गेलं. १८ ऑक्टोबरला प्रार्थनेची सरकारी सुट्टी असते. त्यांचा प्रश्न उलटा आहे. रविवारी तीन तास नाचून गाणारी मंडळी सोमवारी बंद हापशापाशी काय करते, हा. आणि जिथे सरकारी माणूस वर्षातून एकदा जातो तिथे प्रार्थनाघर दर आठवड्याला भरतं, म्हणून गावाचं कोणतंही काम त्याच दारातून जातं. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पेठचा हंडा मलाही दिसतो, २८ वर्षं तोच बघितला.

पेठरोडकर

काका, दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं. जूनचं आजच कळवते. आता माझ्या विषयाचं सांगा. तिकडे बचत गट असतात का? बँक जोडणी? कर्ज? मी त्यांना आपली पद्धत शिकवू की त्यांची वेगळी आहे?

हापसेवाला

वेगळी आहे, आणि इथे तुम्हीच शिकून याल.

पहिलं म्हणजे भिशी. तिकडे तिला चिलिंबा म्हणतात. सगळ्यांनी टाकायचं आणि पाळीपाळीने एकीने उचलायचं. आपलीच. दुसरी म्हणजे पेटीची बचत. ही १९९१ मध्ये नायजर देशात केअर संस्थेने सुरू केली आणि आफ्रिकाभर पसरली. पंधरा-पंचवीस बायका, एक पत्र्याची पेटी आणि तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायकांकडे, पेटी चौथीकडे. सगळ्या जमल्याशिवाय पेटी उघडतच नाही. पासबुकात आकडे नसतात, शिक्के असतात. एक हिस्सा, एक शिक्का. अक्षर न येणारीलाही आपले शिक्के मोजता येतात. पैसे गोल बसून सगळ्यांसमोर मोजतात आणि उठताना सगळ्या मोठ्याने म्हणतात पेटीत किती राहिले. पुढच्या वेळी उघडण्याआधी परत सांगायचं. म्हणजे हिशेब वहीत नाही, पंचवीस डोक्यांत. अडीअडचणीचा निधी वेगळ्या पिशवीत.

आपल्याकडे १९९२ ला नाबार्डने बँक जोडणी सुरू केली तेव्हापासून सगळा जोर बँकेवर. पैसा खात्यात, गट वर्षानुवर्षं चालतो, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. तिकडे बँक चिपाट्यात, भाडंच परवडत नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी सगळं वाटून टाकतात, व्याजासकट, हिश्श्याप्रमाणे. पेटी रिकामी. हवं तर नवं वर्ष, नवा गट. आणि शहाणे गट हे वाटप ऑक्टोबरात ठेवतात, पेरणीच्या तोंडावर, बियाणं आणि खत घ्यायला. हे बघितलं तेव्हा मला आपल्या गटांची आठवण आली, ज्यांत सचिवबाईची बदली झाली की रजिस्टरच कोणाला वाचता येत नाही. तुम्ही मला खोडून काढा.

पेठरोडकर

खोडून नाही काढत. मागच्याच वर्षी माझ्या एका गटात हे झालं. सचिवबाई लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला गेल्या, रजिस्टर त्यांच्याकडे, आणि बँकेची तारीख गेली. तीन किल्ल्यांचं मी पेठमध्येच करून बघणार आहे, झांबियाला जायच्या आधी.

निफाडकर

विषय थोडा सोडून. काका, मक्याला तिकडे काय करतात? आपल्याकडे २०१८ नंतर लष्करी अळीने मक्याचा सत्यानाश केला, ती आफ्रिकेतूनच आली म्हणतात.

हापसेवाला

मी आल्यानंतर, २०१६-१७ च्या हंगामात ती झांबियात शिरली. मूळची अमेरिका खंडातली, आफ्रिका करून आपल्याकडे आली. फोनवर ऐकलं की पोंग्यात राख आणि माती टाकतात. शेतीतला मी नाही. पण एक बघितलं, कोरडवाहूत नांगरत नाहीत बरेच जण. उन्हाळ्यातच चाका नावाच्या लांब पात्याच्या कुदळीने ओळीत खड्डे करून ठेवतात, फूटभर लांब आणि वीतभर खोल. त्यात शेणखत, पहिल्या पावसाला बी. पालापाचोळा जाळत नाहीत, रानावर पसरतात. पाऊस दगा देतो तेव्हा खड्ड्यातलं पीक आठवडाभर जास्त तग धरतं. आणि शेतात मुसांगू नावाचं बाभळीसारखं झाड ठेवतात, ते पावसाळ्यात पानं गाळतं! सगळी झाडं हिरवी आणि हे उघडं, त्यामुळे खालच्या मक्याला ऊन मिळतं आणि पाल्याचं खत होतं. मी आधी समजलो झाड मेलंय, आणि तोडायचा सल्ला देऊन बसलो होतो.

शरणपूरकर

धागा उशिरा वाचला. ताई, तुम्ही निघालात तो रस्ता नाशिककरांना नवीन नाही. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल शंका आहे.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली बरीच इथे नाशिकला आली. शाळा, बायबल आणि जोडीला सुतारकाम, लोहारकाम. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ च्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्यातली नऊ मुलं घेऊन गेला. बहुतेक वाटेत गळाली. १८७२ ला त्याच्यासाठी कुमक गेली तिच्यात आणखी काही नाशिकची मुलं होती, त्यांतला एक जेकब वेनराइट. मूळचा याओ जमातीचा, न्यासा सरोवराकडचा. म्हणजे गुलाम म्हणून निघाला, नाशिकला शिकला आणि परत आपल्याच मुलखाच्या दिशेने.

१ मे १८७३ ला चिटांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन गेला. ते गाव आजच्या झांबियात. आता बघा काय झालं. साहेब मेला. बाकी साठेक आफ्रिकी माणसं उरली, समुद्र हजार मैलांवर. पळून जाता आलं असतं. त्यांनी ठरवलं की देह न्यायचा. जेकबला बोलावून सामानाची यादी लिहून घेतली, कारण पुढे कोणी म्हणायला नको की यांनी चोरलं. काळीज आणि आतडी म्पुंडूच्या झाडाखाली पुरली, जेकबने दफनविधी वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि नऊ महिने चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणला. त्याचे जुने आफ्रिकी सोबती सुसी आणि चुमा यांनी वाट काढली. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता.

हापसेवाले काकांचं वाचताना हे आठवलं. किल्ली साहेबाच्या खिशात राहिली नव्हती. ताई, वेळ मिळाला तर चिटांबोला जाऊन या, कासांका राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडे स्मारक आहे. चिपाट्याहून मात्र बरंच लांब पडेल.

सातपूर १९

शरणपूर रोडने वीस वर्षं कंपनीत जातोय, हे पहिल्यांदा कळलं. माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. पण ताई, पेठमध्ये तीन किल्ल्यांची पेटी करणार असाल तर कळवा. वेल्डिंगचं काम माझं. पेटी बनवून देतो, पैसे नकोत.

पेठरोडकर

दादा, धरूनच चालते. कडी तीन कुलपं मावतील अशी करा.

केंद्राचं उत्तर आलं. जूनला हो म्हणाले, पण स्लाइड हव्यातच म्हणतात. मुलाला बसवलंय करायला. एक करतोय, तिच्यावर फक्त पेटीचं चित्र आहे. काका, तुमच्यासाठी तिकडून काही आणायचं? त्या चेनवाल्या गावात जाणं होईल असं दिसतंय, केंद्रापासून सात किलोमीटरच आहे म्हणे.

हापसेवाला

काही आणू नका. तिथे गेलात तर हापशाचा फोटो काढण्याआधी कोणालाही, लहान पोरालासुद्धा विचारा, पाना कोणाकडे असतो. नाव सांगितलं तर त्या बाईला माझा सलाम द्या. ट्रंक म्हणाले तर मला सांगू नका, मुक्कामी राहा तिथे दोन दिवस.

आणि मधुमेहाच्या गोळ्या असतील तर तीन महिन्यांच्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.